तीन दिवसांचा शेक

मी शेकायची पिशवी बोलतेय. लाल रबराची, गळ्याशी बूच असलेली. तापलेल्या साच्यातून जन्मले आणि औषधाच्या दुकानात दोन वर्षं खोक्यात पडून राहिले. मग एक गृहस्थ आले. म्हणाले, "बायको दिवसभर फळ्यापुढे उभी असते, कंबर धरते तिची." दुकानदाराने खोक्यावरची धूळ फुंकली आणि मी त्यांच्या घरी आले.

त्यांच्या बायकोला शाळेतली मुलं पाठीमागे 'अपूर्णांकबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घरात बाई, त्यांचे यजमान आणि कॉलेजात जाणारी मुलगी. माणसं एरवी मला विसरतात, दुखलं की "ती पिशवी कुठे ठेवलीये?" म्हणून घर डोक्यावर घेतात. मला त्याचा राग नव्हता. मी टेकले की कपाळावरची आठी सैल होते, ते बघायला मला फार आवडायचं. त्या आवडीनेच घात केला.

साथीचं वर्ष होतं ते. शाळा बंद, रस्ते ओस. दवाखान्याचं नाव काढलं तरी लोक दचकत. बाई जेवणाच्या टेबलावरून शिकवायच्या, आणि दर बुधवारी दुपारी शाळेतले सगळे शिक्षक पडद्यावर जमायचे. ही बाईंचीच कल्पना. आपल्या वर्गात काय जमलं, काय फसलं, ते एकमेकांना सांगायचं.

"फसलेलं सांगायचं म्हणजे आपली अब्रू आपणच वेशीवर टांगायची की हो," भाषेचे सर पहिल्या दिवशी म्हणाले होते.

"सगळ्यांचीच टांगली की कोण कुणाला हसणार, सर?" बाई म्हणाल्या. पुढे सरांनी एक बुधवार चुकवला नाही.

एका मंगळवारी संध्याकाळी बाईंच्या बेंबीभोवती दुखू लागलं. पित्त असेल म्हणून त्यांनी मला भरून घेतलं. बुधवारी दुखणं सरकून उजवीकडे, खाली आलं. बाई मलाही तिकडे सरकवत राहिल्या.

"डॉक्टरांना दाखवू या," यजमान म्हणाले.

"पोटदुखीसाठी जायचं आणि साथ घरी घेऊन यायची? आणि आज सांगायचा नंबर माझा आहे."

त्या दुपारी शालीखाली मला कोपराने दाबून धरत बाई अपूर्णांकांवर बोलल्या. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं चुकीचं उत्तर मुलं हमखास देतात. बाई ते पुसत नसत. फळ्यावर तसंच ठेवून विचारत, "हे कसं सुचलं, सांग बघू." मुलं सांगता सांगता स्वतःच अडखळत आणि कुठे चुकलं ते त्यांना सापडे. बोलताना बाई दोनदा थांबल्या.

"बाई, बरं नाही का?" भाषेच्या सरांनी विचारलं.

"पित्त हो. चालू द्या."

सरांनी चालू दिलं.

गुरुवारी ताप भरला. बाईंना वाटलं, साथीने गाठलंच. त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. यजमान दाराबाहेर जेवणाचं ताट आणि गरम पाण्याचा थर्मास ठेवून मागे सरत. मुलगी बाहेरूनच विचारी, "आई, कशी आहेस?" कुणी पोटाला हात लावून बघितलं नाही. बघणार तरी कसं? त्या खोलीत बाईंना स्पर्श होता तो माझा एकटीचा. कुठे दुखतंय हे बोटभर जागेपर्यंत मला कळत होतं, पण मला तोंड आहे ते बुचाचं.

शुक्रवारी दुपारी दुखणं एकाएकी थांबलं. बाईंनी श्वास सोडला. "बरं वाटतंय गं," त्या दारापलीकडे बसलेल्या मुलीला म्हणाल्या. मी रबराची, पण अभिमानाने फुगले. मला वाटलं, मी जिंकले.

आतलं अपेंडिक्स फुटलं होतं. दिवस मावळायच्या आत बाईंचं पोट लाकडासारखं कडक झालं. त्यांनी कसंबसं दार उघडलं आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. यजमानांनी त्यांना गाडीत घातलं. मी त्यांच्या हातात तशीच होते.

इस्पितळात डॉक्टर नखशिखांत झाकलेले. नुसते डोळे दिसत होते, तेही जागरणाने सुजलेले. साथीची तपासणी झाली, ती लागण नव्हतीच.

"शेकत होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन दिवस," यजमान म्हणाले.

"पहिल्याच दिवशी आणायचं. हल्ली शक्य तिथे आम्ही ऑपरेशन टाळून नुसत्या औषधांवर भागवतोय. शेकाने दुखणं दबतं हो, आजार नाही. आता पोट उघडावंच लागेल."

नर्सने मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून यजमानांच्या हाती दिलं.

बाई वाचल्या. पण सव्वा महिना इस्पितळात गेला, पुढे चार महिने अंथरुणात. बुधवारची बैठक आधी पंधरवड्यावर गेली, मग बंद पडली. बाईंच्या त्या दिवशीच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग मात्र शिक्षकांमध्ये खूप फिरलं. "पद्धत छान," असे शेरे आले. बाईंच्या चेहऱ्याबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही.

भाषेचे सर भेटायला आले.

"मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं, बाई. तुम्ही घामाने डबडबल्या होता. मी एकदा विचारून गप्प बसलो."

"सर, मी खोटं सांगितलं. तुम्ही खरं मानलंत, एवढंच."

सर मान हलवत राहिले. दोघांचंही समाधान झालं नाही.

त्यानंतर बाईंनी मला टाकलं नाही आणि भरलंही नाही. मी कपाटात घडी होऊन पडले.

गेल्या आठवड्यात मुलीचं पोट दुखलं आणि तिने मला शोधून काढलं. बाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. "आधी आडवी हो. कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखव." त्यांनी हाताने चाचपून बघितलं, ताप पाहिला, फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. महिन्याच्या पाळीचंच दुखणं होतं. "शेका खुशाल," डॉक्टर म्हणाले. बाईंनी पाणी तापवलं आणि इतक्या वर्षांनी मला भरलं.

मी गळले. घडीवर रबर चिरलं होतं. जिथे माझी खरोखर गरज होती तिथे मी अंथरूण भिजवलं.

आता मी मागच्या दाराशी, टाकायच्या सामानात आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल. तिला जीव लावा, पण तिच्या उबेवर विश्वास टाकून दार लावून घेऊ नका. आमच्यामुळे फक्त बरं वाटतं.