ओल्या टॉवेलची साखर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर स्पर्शगुरू एकेकाच्या मुठीत पितळी दांडी देत होते. मदतनीस वय-वजन विचारून यंत्रात भरी, हिरवा दिवा लागे आणि मिनिटभरात छापील कागद बाहेर येई. साखर, यकृत, मूत्रपिंड, सगळं आकड्यांत!

"सुई नाही, रक्ताचा थेंब नाही!" गुरू गरजले. "लॅबवाले सकाळी एक आकडा सांगतात, संध्याकाळी दुसरा. इथं तीनदा तपासा, तीनदा तोच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईनंही तीनदा दांडी धरली. तीनदा अठ्ठ्याण्णव.

"बघ," घरी येऊन तिनं धाकट्या बहिणीला कागद दाखवला. "तुझ्या लॅबमध्ये कधी दीडशे, कधी दोनशे."

धाकटी इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. "अगं, साखर बदलते म्हणून आकडा बदलतो! इन्सुलिन सोडू नकोस हं."

"नाही गं बाई सोडत."

पण सोडलं. बावीस वर्षं पोटात सुया टोचून घेतलेली बाई ती. त्या कागदावर तिचा जीव जडला, यात नवल काय?

पाचव्या दिवशी ताईला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात आणलं आणि तिच्या रक्ताची नळी धाकटीच्याच टेबलावर आली. सहाशे बारा! तिनं आधी लॅबचं यंत्र पडताळलं. ज्यातली साखर किती हे पक्कं ठाऊक असतं, असा नमुना त्यात घातला. आकडा बरोबर आला. यंत्र चुकलं असतं तर किती बरं झालं असतं!

दोन दिवसांनी, शुद्धीवर न येताच, ताई गेली.

पुढच्या रविवारी धाकटी रांगेत उभी राहिली. व्यासपीठावर जाताच तिनं पिशवीतून ओला टॉवेल काढून दांडीला गुंडाळला.

"वय सत्तेचाळीस, वजन अडुसष्ट."

मदतनिसानं सवयीनं आकडे भरले. हिरवा दिवा लागला. तिनं कागद मोठ्यानं वाचला, "यकृत उत्तम. मूत्रपिंड उत्तम. साखर अठ्ठ्याण्णव."

सभागृहात हशा पिकला.

"हे माझ्या ताईचं वय आणि वजन. तिलाही हाच कागद मिळाला होता. त्याच्या भरवशावर तिनं इन्सुलिन सोडलं. ती गेली."

हशा जागच्या जागी विरला.

"टॉवेलमध्ये तुमची ऊर्जा उतरली, बाई," गुरू सावरून म्हणाले.

"मग आता वय वीस भरा. वजन पन्नास."

मदतनीस गुरूंकडे बघत राहिला. गर्दीतून आरडाओरडा झाला तेव्हा त्यानं बटणं दाबली. टॉवेल तोच, साखर चौऱ्याऐंशी.

"दांडीला ओलसर काहीही लागलं की वीज खेळते, दिवा लागतो. बस्स! आकडा तुम्ही सांगितलेल्या वय-वजनावरून छापला जातो. हे यंत्र साखर मोजतच नाही."

पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. "पण मुली, तीनदा तोच आला म्हणजे खरा नाही का?"

"काटा साठावर अडकलेला असला, तर पोतं ठेवा नाही तर पोर, तो साठच दाखवणार. आकडा सारखा येतो का, एवढंच विचारून भागत नाही, आजोबा. जे मोजतो म्हणतात तेच मोजलं जातंय का? खऱ्या तपासणीशी कुणी ताडून पाहिलंय का? किती माणसांवर? हे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत कुणीही औषध सोडू नका."

आजोबांनी हातातला कागद चुरगळला. "माझ्या गोळ्या महिनाभर बंद आहेत गं," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी लॅबसमोर चाळीसजण आले. अकराजणांची साखर तीनशेच्या वर निघाली. दोघांना तिथूनच भरती करावं लागलं, त्यांत सभागृहातले ते आजोबाही होते. ते वाचले.