बारा खोकी झाकणं

न्हाणीघराच्या सामानाच्या गोदामात वहिनीची नोकरी अशी, की दुकानदारांनी फोनवर बोंबलायचं आणि तिने त्यातून ऑर्डर वेचून काढायची. कुणाला नळ हवेत, कुणाला शॉवर, बऱ्याच जणांना सगळं कालच हवं असायचं. पण सगळ्यांत जास्त डोकं खायचा तो तिचा सख्खा धाकटा दीर. स्वतःचं दुकान होतं, त्यामुळे गोदामही घरचंच, असा त्याचा समज.

"वहिनी, कमोडची झाकणं पाठवा. बारा."

"बारा नग की बारा खोकी, भावजी? एका खोक्यात डझनभर असतात."

"मला धंदा शिकवू नका! खोकी!"

वहिनीला गडबडीचा वास आला. पण स्वतःहून खड्ड्यात उडी मारणाऱ्याला आडवं जायची तिला हौस नव्हती. होती नव्हती ती बारा खोकी तिने टेम्पोत चढवली.

दुपारी फोन खणखणला. "वहिनी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही! परत न्या हे!"

"टेम्पो पुढच्या फेरीला गेला."

"मग मी काय करू?"

"बसा एकेकावर."

फोन ठेवून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिला धाकटी जाऊ आठवली. दुकान खरं तर तीच रेटायची, आणि आता त्या ढिगात बिचारी उगाच अडकली होती. वहिनीने पदर खोचला आणि बाकीच्या दुकानदारांना फोन लावायला घेतले. गोदामात एकही झाकण उरलेलं नाही, हे तिने प्रत्येकाला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. सगळी कुठे गेलीत, तेवढं गिळलं. जे एरवी दोन झाकणं मागवताना चार दिवस विचार करायचे, ते खोकीच्या खोकी मागू लागले.

संध्याकाळी ती टेम्पोत बसून स्वतःच दुकानावर गेली. भावजी फुटपाथवर एका खोक्यावर तोंड पाडून बसलेले. माल चढायला लागला तशी मात्र त्यांची मान वर आली.

"मला वाटलंच होतं, झाकणांना उठाव येणार म्हणून."

"एक तुमच्या तोंडासाठी ठेवून घेऊ का?" गल्ल्यामागून जाऊ म्हणाली.

हमालसुद्धा खो-खो हसले. भावजी चपलेकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" वहिनीने विचारलं.

"चुकलं म्हटलं."

"ऐकू येत नाही हो, भावजी."

टेम्पोवाल्याने तत्परतेने इंजिन बंद केलं.