एक जूनचे वाढदिवस

"माझ्या नावापुढं दोन केक टाक," काकासाहेब काउंटरवर वाकून म्हणाले. "मागच्या साली एकच होता. भावकीत बराबर दिसत न्हाई."

"काका, सगळ्यांना एकच हाये."

"आरं, पण मी सत्तरीचा झालो."

"कागदावर सदुसष्ट," असं म्हणत राजानंदनं त्यांच्या नावापुढं एक फुगा वाढवून दिला. काकासाहेब तेवढ्यावर खूश होऊन गेले.

आष्टीत एक जूनला अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो. पोरं जन्मली असतील थंडीत नाहीतर ऐन सुगीत, पण शाळेत नाव घालताना तारीख कुणाला ठाऊक नसे आणि गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे होत. राजानंदचं बॅनर आणि झेरॉक्सचं दुकान. गावाचं फेसबुक पानही तोच चालवायचा, त्यामुळे सगळ्या नावांची एक पोस्ट टाकायचं काम दरवर्षी त्याच्याकडंच. इमोजी कुठं, कोणता आणि किती, यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. शुभेच्छेला केक, दुकानाच्या उद्घाटनाला नारळ, निधनाला जोडलेले हात आणि एकच फूल. रडका चेहरा तो कधी टाकू द्यायचा नाही. खऱ्या रडणाऱ्याला चित्रं शोधायची शुद्ध नसते, असं त्याचं म्हणणं. लोक त्याला हसायचे आणि पोस्ट मात्र त्याच्याकडूनच तपासून न्यायचे.

पोस्ट टाकून दहा मिनिटं झाली नसतील, तोच खाली कुणीतरी विचारलं, 'भागवत?'

राजानंदनं यादी परत वरून वाचली. मागच्या वर्षीची यादी उचलून त्यानं चार नवी नावं घातली होती, पण सतरावं नाव तसंच राहून गेलं होतं. त्याच्या स्वतःच्या नावाला लागूनच. पहिलीत दोघं एका पट्टीवर बसले होते आणि गुरुजींनी दोघांच्या तारखा एका दमात लिहून टाकल्या होत्या. भागवत फेब्रुवारीत गेला. त्याच्या नावापुढं केक तसाच होता.

तेव्हा शिवजयंती दोन दिवसांवर आली होती. बॅनरवाल्यांची झुंबड उडाली होती, फोनला उसंत नव्हती. दुपारी भागवतचा मेसेज आला. 'राजा, छातीत कळ येऊन राह्यली. दैवशालाला बोललो न्हाई, भिऊन जाईल. गाडी घेऊन ये जल्दी.' त्याच्या मागंपुढं दहा-बारा मेसेज पडले होते. राजानंद एकेकाला अंगठा देत सुटला होता, त्यातच भागवतलाही दिला. वाचलंच नाही. एका फुलाचा हिशेब जाणणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं. भागवतच्या शेतातलं घर गाडीनं दहा मिनिटांवर होतं.

ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. तो मेसेज आणि खाली आपला अंगठा तो रोज उघडून बघायचा. पुसायचा धीर होत नव्हता. दुकानासमोर गाडी थांबली की त्याला वाटायचं, भागवतच उतरेल, काउंटरवर कोपर टेकवून म्हणेल, आलास का रे?

आता यादीतून नाव खोडायला त्यानं पोस्ट उघडली आणि तसाच बसून राहिला. खोडणंही जमेना, ठेवणंही. तासभर तरी गेला असेल. मान वर केली तर दारात दैवशाला उभी. भागवतची बायको.

"वहिनी, चुकून राह्यलं. आत्ता काढतो."

"त्याच्यासाठीच आले. काढू नका." ती खुर्चीच्या कडेला टेकली. "साक्षीचा फोन आल्ता जालन्याहून. म्हणली, पप्पांचं नाव अजून गावात हाये. लई दिसांनी नीट बोलली पोरगी."

राजानंदला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"एक इचारू का, भाऊजी? त्या दिवशी तुम्ही कुठं आडकले होते?"

तो काउंटरवरचे कागद चाळू लागला.

"त्यांना घाम फुटला तवा मला कळलं. शेजारचे जीप काढतो म्हणत होते, तर ह्यांनी बिलकुल ऐकलं न्हाई. फोन दाखवला मला. म्हणले, हे बघ, राजा निघाला. रस्त्याकडं तोंड करून बसले." तिनं पदर सारखा केला. "मंग मीच सगळ्यांना सांगते, भाऊजी निघाल्ते, गाडीच बंद पडली असंल."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. साडेतीन महिने ही बाई त्याची गाडी बंद पाडून त्याची अब्रू राखत होती आणि तो तिच्या दारात एकदाच, दहाव्याला, जाऊन आला होता.

"गाडी बंद पडली न्हाई, वहिनी," तो म्हणाला. "मी निघालोच न्हाई. न वाचताच अंगठा दिल्ता."

दैवशाला त्याच्याकडं बघत राहिली. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर वळवत होतं, त्याला जागा पुरत नव्हती. शेवटी तो वळून गेला.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "त्यांना कळलं न्हाई."

राजानंद काउंटरवर डोकं टेकून रडला. तिनं त्याला गप्प केलं नाही. उठली, चपला घातल्या आणि पायरीवर थांबली.

"साक्षीला सांगू नका. बाप गेला, आता काका पण नको जायला." मग पायरी उतरता उतरता म्हणाली, "आन् तेवढा केक काढा."

ती गेल्यावर त्यानं केक काढला. त्या जागी फूल ठेवून बघितलं, जोडलेले हात ठेवून बघितले, दिवा ठेवून बघितला. एकही चित्र तिथं टिकेना. सगळ्या केकांच्या मधे भागवतचं नुसतं नाव राहिलं.

दुपारी साक्षीनं खाली लिहिलं, 'राजाकाका, पुढच्या वर्षी पण टाकाल ना?'

'हो बेटा', एवढं लिहायला त्याला फार वेळ लागला.