कोपरापर्यंत हात

सकाळी सात वाजता कोठाराचं दार उघडलं तेव्हा फरशी स्वच्छ होती. सव्वासातला तिच्यावर रक्त होतं.

टणकआजोबांना ते पहिल्या आणि दुसऱ्या राशीच्या मधल्या बोळात दिसलं. बोटाएवढा लाल ठिपका, दीड हातावर दुसरा, पुढे तिसरा. कोणीतरी कापलेल्या पायाने हिंडलंय, हे उघड होतं. पण कोठारात दुसरं कोणी नव्हतं. तोलकाट्यावर बसणारी सून आठला यायची. मांजर जखमी झालं असेल म्हणून ते वाकून ठिपक्यांच्या मागे निघाले. ठिपके तिसऱ्या राशीला वळसा घालून चौथीपाशी थांबले होते, तिथून पाण्याच्या पिंपाकडे आणि परत दाराकडे गेले होते. आजोबाही त्याच वाटेने गेले. दाराशी पोचून त्यांनी मागे पाहिलं. आता ठिपक्यांची दुहेरी रांग झाली होती.

मग त्यांनी डावा पाय उचलला. पायात चप्पल नव्हती. ती पहिल्या राशीपाशीच गळून पडली होती. टाचेत चाळणीच्या तारेचा तुकडा होता, नखाएवढा बाहेर आणि बाकीचा आत. त्यांनी पकडीने तो ओढून काढला. तुकडा करंगळीच्या दोन पेरांएवढा निघाला. काही दुखलं नाही. त्यांनी मुद्दाम जखमेवर अंगठा दाबला. तरीही नाही.

ते पोत्यांच्या थप्पीवर बसले.

थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. भाऊ शिंपी होता, धट्टाकट्टा. एक दिवस तो बाजारातून एका चपलेवर घरी आला. "अरे, दुसरी कुठं गेली?" म्हणून घरातले सगळे हसले. त्यात धाकटा भाऊ, म्हणजे आजोबा स्वतः, सगळ्यांत पुढे होते. पुढे अंगठा काळा पडला, मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. रक्तातली साखर, डॉक्टर म्हणाले. ती कित्येक वर्षं होती, कोणी तपासलीच नव्हती. पहिली चप्पल गळाल्यापासून खांद्यावर न्यायला अडीच वर्षं लागली.

आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे. गोळी एकही नाही, आणि डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही हे ते न विचारता सांगत; टणकआजोबा हे नाव त्यावरूनच पडलं होतं. रोज अंथरुणातून उतरण्यापूर्वी ते दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवून "चालताय, उपकार आहेत" असं पुटपुटत. सुगीत तर सगळेच त्यांच्या तब्येतीचे आभार मानत. शेवटचं पोतं टाकून जाणारा प्रत्येक जण म्हणे, "आजोबा, देवाने तुम्हाला असंच ठेवावं." त्यात थोडा स्वार्थही होता. कोठारात बावीस घरांचं वर्षभराचं धान्य सहा राशींत पडलेलं असे, आणि ते आतून तापतंय की गार आहे हे एकट्या आजोबांच्या हाताला कळे. तापमान मोजायची लांब सळई गेल्या वर्षी मोडली. नवी कोणी आणली नाही. आजोबा आहेत ना.

पद्धत साधी होती. उजवा हात राशीत कोपरापर्यंत घालायचा, तीस अंक मोजायचे, हात काढायचा आणि "गार आहे" किंवा "उलटवा" म्हणायचं. ऊब खोल असते. मनगटाच्या वरचा हात थंड थरातच राहतो, तिच्यापर्यंत पोचतात ती फक्त बोटं. वास वर येईपर्यंत उशीर झालेला असतो. बावन्न वर्षांत त्यांचा हात चुकला नव्हता.

पायाला फडकं बांधून त्यावर त्यांनी मोजे चढवले. फरशी पुसली. पाय तर पाय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हात शाबूत आहेत.

नऊ वाजता सुनेने चहा आणला. दोन्ही पेले ती पदरात धरून आली.

"बाबा, आज मोजे? सासरी निघालात की काय?"

"थंडी वाजतेय."

"तुम्हाला? मग आम्ही गोधडी घेऊनच फिरायला हवं." तिने पेला पुढे केला. आजोबांनी तो उजव्या हाताने घेतला आणि मुठीत धरला. सून ओरडली, "अहो, ठेवा खाली! स्टीलचा आहे, उकळता चहा आहे!"

आजोबांनी पेल्याकडे पाहिलं, मग बोटांकडे. ती लाल झाली होती.

"माझी कातडी गेंड्याची आहे," ते म्हणाले.

"ते आम्हाला माहितीय. आम्हीच रोज आपटतोय तिच्यावर डोकं." हसत हसत ती काट्याकडे गेली.

आजोबांनी पेला खाली ठेवला. गेले नऊ दिवस ते रोज सहाही राशींत हात घालत होते आणि रोज सहा वेळा "गार आहे" म्हणत होते. बोटांना गार लागलं होतं का, हे त्यांनी आठवून पाहिलं. म्हटलेलं आठवत होतं, लागलेलं आठवत नव्हतं. उन्हाळ्यापासून शर्टाची बटणं लागत नव्हती. काजं लहान झाली म्हणून त्यांनी बाजारातल्या शिंप्याला बोल लावला होता. चौथ्या राशीत, पावसाची सर पडली त्या दिवशी आलेला दमट माल होता. ते उठले, चौथीत कोपरापर्यंत हात घातला आणि तीस मोजले. पुन्हा तीस मोजले. आत गारही नव्हतं आणि गरमही नव्हतं. हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा आत पडून होता.

साडेनऊला मास्तर आले. हे आजोबांचे बालमित्र. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, आणि शरीरातला कुठलाच भाग त्यांच्यावर खूश नव्हता. सात प्रकारच्या गोळ्या, पट्ट्या आणि तापमापक असलेला पत्र्याचा डबा त्यांच्या काखेत असे.

"मास्तर, तुझा तापमापक दे."

"तुला? ताप? थांब, मला आधी बसू दे." मास्तर बसले. "अरे, सत्तर वर्षांत पहिल्यांदा माझ्या पंगतीला आलास! काखेत लाव, नीट दाबून धर."

"राशीच्या काखेत लावायचाय."

मास्तरांना वाटलं थट्टा आहे. पण आजोबांनी वेताच्या काठीने चौथ्या राशीत भोक पाडलं, तापमापक काठीला दोऱ्याने बांधला आणि आत सरकवला. दोऱ्याची गाठ त्यांना बसेना. ती मास्तरांनी मारली. पाच मिनिटं दोघं उभे राहिले. आजोबांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

काठी बाहेर काढली तेव्हा पारा बेचाळीसच्या शेवटच्या रेघेला टेकला होता. त्यापुढे त्याला जागा नव्हती.

"माणूस असता तर गेला असता," मास्तर हळूच म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "यात माझी नऊ पोती आहेत रे."

"माहितीय."

"रात्रीतूनच तापली असणार. काल तर तू पाहिलीस. काल गार होती ना?"

वाट मोकळी होती. "हो, काल गार होती," एवढं म्हणायचं होतं. रात्रीतून रास तापते, कधीकधी खरंच तापते. कोणी उलटतपासणी घेतली नसती. मग उद्या सकाळी सात वाजता पाचवीत हात घालायचा आणि तीस मोजून काहीतरी म्हणायचं. परवाही. आजोबांनी पाचव्या राशीकडे पाहिलं, मग सहावीकडे.

"काल पाहिली नाही," ते म्हणाले. "नुसता हात घातला होता. माझी बोटं मेलीत, मास्तर. पायही. मी नऊ दिवस अंदाजाने बोलतोय."

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं आणि उगाच परत उघडलं. तोपर्यंत सून काट्यावरून उठून आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने बाही वर सारली, चौथीत हात घातला आणि पाच मोजायच्या आत बाहेर ओढला.

दहा वाजेपर्यंत एकोणीस माणसं फावडी घेऊन जमली. रास फोडली तेव्हा आतून वाफ आली आणि आंबूस वास कोठारभर झाला. तळाशी धान्याची काळी ढेकळं झाली होती. फावड्याने ती तुटत होती, सुटत नव्हती. पाच पोती गेली. बाकीचं अंगणात उन्हात पसरलं.

आजोबांना कोणी बोललं नाही. शिव्या पडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. कोपऱ्यावरची विधवा शिक्षिका आपलं शेवटचं पोतं घेऊन त्याच वेळी आली. सवयीने म्हणाली, "आजोबा, देवाने तुम्हाला..." आणि थांबली. मग पोतं कुठे ठेवू, असं तिने सुनेला विचारलं.

"बाबा, इकडे या," सून पाचव्या राशीपाशी उभी होती. "मला गरम कळतं. किती गरम म्हणजे किती वाईट, ते नाही कळत. सांगा."

आजोबांना हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांना शब्द शोधावे लागले. "नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं लागलं, तर त्याच दिवशी उलटवायचं. वासराच्या तोंडासारखं लागलं, तर जेवायलाही थांबायचं नाही. आणि हात ठेववत नसेल तर..."

"तर काय?"

"तर कोणीतरी खोटं बोललंय."

तिने हात घातला. आजोबा मोजू लागले. पंचविसाला ती म्हणाली, "अंथरूण." फावडी पाचवीकडे वळली. सहावी आणि पहिल्या तिन्ही गार निघाल्या. खऱ्या गार. तिने शपथेवर सांगितलं, तरी त्यांनी तिला दोनदा हात घालायला लावला.

दुपारी चारला मास्तरांनी त्यांना दवाखान्यात नेलं. सुईने काढलेल्या रक्ताच्या एका थेंबात साखर निघाली, जवळजवळ चारशे. डॉक्टरीणबाई त्यांच्या नातीच्या वयाची होती. तिने टाचेची जखम धुतली, पुष्कळ वेळ न्याहाळली, आणि त्या वेळात आजोबा फक्त तिच्या भुवयांकडे पाहत राहिले.

"काळं पडलेलं नाही. वेळेत आलात," ती म्हणाली. "आता डोळे मिटा. मी कापूस लावीन. लागला की 'हो' म्हणा."

आजोबांनी डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. पंखा फिरत होता. तिने सुरुवात केलीय का, असं विचारावंसं वाटलं. पण केली असेल तर, या भीतीने विचारलं नाही. भावाचा पाय कुठवर गेला होता ते त्यांना आठवत होतं. गुडघ्याखाली चार बोटं.

मग काहीतरी लागलं. माशी बसावी इतकंच.

"हो!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरच्या बाकावरून मास्तर उठून दारात आले. "हो. हो, बाई. लागलं."

त्यांनी डोळे उघडले. घोट्याच्या चार बोटं वर तिने पेनाने निळी रेघ ओढली होती.

"इथून वर सगळं तुमचं आहे," ती म्हणाली. "ही रेघ वर सरकू द्यायची नाही. गोळ्या, रोज पाय तपासणं, बंद बूट. जमेल?"

आजोबांनी मान हलवली. त्यांनी रेघेच्या वर, पोटरीवर, कापूस लागला होता तिथेच, बोटांना कळलं नसतं म्हणून, कोपराजवळची आतली बाजू टेकवली. कातडीला कातडी ऊबदार लागली. तिने त्यांना क्षणभर तसं करू दिलं.

"आता दुसरा पाय," ती म्हणाली.

त्यांनी उजवा पाय पुढे केला आणि डोळे मिटले.