रविवारी येईल

महिपतचा आवाज मोठा. किती मोठा, तर ठाकुर्लीला आपल्या दारात उभा राहून तो "दूध ठेव रे" म्हणाला की समोरच्या बिल्डिंगमधली बाई दार उघडायची. त्याला कारण होतं. त्याची बायको रंगूबाई, तिला शेवटची कैक वर्षं ऐकायला कमी यायचं. मशीन आणून दिलेलं, पण ती घालायची नाही. म्हणायची, कानात भुंगा बसल्यासारखं वाटतं. मग काय, महिपत सगळं ओरडूनच बोलायचा. भाजीत मीठ कमी आहे, ओरडून. लाडात यायचं, तेही ओरडून, आणि मग मजलाभर हशा.

रंगूबाई गेली, आवाज राहिला. एकट्या माणसाने एवढ्या मोठ्या आवाजात बोलायचं कोणाशी? शेजारचा परशुराम दार ठोकून विचारायचा, "महिपतराव, टीव्हीशी भांडताय काय?" म्हणून महिपतने घरात बोलणंच टाकलं. सकाळी कुलूप लावायचं, फिरायचं, संध्याकाळी येऊन कुलूप उघडायचं. झालं.

तर असा हा माणूस ठाण्याला विद्यापीठाच्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये जाऊन पोचला. त्याचं असं झालं, तिथे संचिता नावाची मुलगी पीएचडी करत होती. तिला पन्नाशीच्या पुढची माणसं हवी होती. ओळखीच्या कोणीतरी महिपतला धाडलं. तो बाहेर बसल्या बसल्या बाकीच्यांशी एवढा बोलला, की संचिताचे सर केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "हा माणूस सॅम्पल म्हणून फुकट घालवू नकोस. याला आपल्या बाजूला घे."

महिपतला त्या जागेची गंमत वाटायची. तिथे माणसाला सॅम्पल म्हणतात. पोरं-पोरी एकमेकांना विचारणार, "तुझी किती सॅम्पल झाली?" सॅम्पल मिळेना की जो तो आपल्या आत्या-मावश्या धरून आणणार, वर चहा-बिस्किटं देऊन बसवणार. माझ्यासाठी तू सॅम्पल बस, तुझ्यासाठी मी बसते, असा सगळा देवाणघेवाणीचा कारभार. आणि केबिनचं दार उघडलं की सगळे चिडीचूप.

महिपतचं काम सोपं होतं. आलेल्या माणसाला सांगायचे, स्मरणशक्तीची चाचणी आहे, जरा आत बसा. आत महिपत आधीच बसलेला, जणू तोही चाचणीलाच आलाय. थोड्या वेळाने त्याने बोलायचं, "घरी गेलं की कुलूप आपणच उघडायचं. मंडळी गावाला गेलीय. रविवारी येईल." बस, पुढे गप्प. अनोळखी माणसाने घरातलं काही सांगितलं, तर समोरचा मन मोकळं करतो की नाही, ते संचिताला बघायचं होतं. टेबलाखाली रेकॉर्डर असायचा. नंतर ती सगळं खरं सांगायची, आवाज ठेवू का म्हणून परवानगी घ्यायची. तेव्हा मात्र महिपतने तोंड उघडायचं नाही, असा नियम.

पहिल्या दिवशी संचिताने त्याला दहादा बोलायला लावलं. "काका, हळू. खोली लहान आहे." "काका, अजून हळू."

ते वाक्य तिने आपल्या मनाने लिहिलेलं. महिपतची बायको आहे की नाही, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पहिल्यांदा बोलताना त्याने ‘रविवारी’ हा शब्दच गाळला. मग मात्र गोडी लागली. त्या खोलीत रंगू गेलेलीच नव्हती. संगमेश्वरला भावाकडे गेलेली, आंबोळ्या खात बसलेली. रविवारी येईल. दर वेळी रविवारीच येईल. महिपत घरून निघताना दाढी करायला लागला.

एक दिवस शेवंतीबाई आली. चेंदणी कोळीवाड्यातली, साठीच्या पुढची, अंगापिंडाने दणकट. तिची भाची दीपिका तिथे पहिल्या वर्षाला होती, तिनेच ओढून आणलेलं. बाई बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मी नौपाड्याच्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसतंय. आज धंदा खोटी केला या पोरीने. माझी आठवण बघनार म्हनं. उधारी कोनाकडं हाय ती सगली आठवते मना!"

महिपत हसला. मग हळू आवाजात आपलं वाक्य बोलला. कुलूप, मंडळी, रविवार.

शेवंतीबाईने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझा मानूस गेला. होडीत जाळं आवरताना बसला तो बसलाच. तू नशिबाचा हायस दादा. कुलूप उघडतोस, पन रविवारी कोन तरी येनार."

आता इथे महिपतने नुसतं "हं" म्हणायचं होतं. पण त्याच्या पोटातून आलं, "नाही येणार!"

"काय?"

"माझीपण नाही येणार! गेली ती! ऐकायला यायचं नाही तिला, म्हणून हॉस्पिटलात कानाशी ओरडून सांगत होतो, रंगू, मी इथेच आहे! नर्सने मला बाहेर काढलं, बाकीचे पेशंट झोपलेत म्हणून. मी दाराबाहेर उभा. तिला काय कळणार? तिला वाटलं असेल, मीच गप्प झालो."

हे त्याने कोणालाच सांगितलेलं नव्हतं. पोटच्या पोरालाही नाही.

शेवंतीबाईने त्याच्या हातावर थोपटलं. "ऐकू येत नाय त्या बायकांना ओठ बघून कलतं रे. दारातनं दिसत असशील तिला."

तेवढ्यात संचिता आली आणि रोजच्यासारखं हसून बोलली, "मावशी, आता खरं सांगते हं. हे महिपतकाका आमच्यातलेच. ते जे बोलले, ते सगळं आम्हीच शिकवलेलं. खरं नव्हतं."

बाकीची माणसं यावर हसायची, महिपतच्या पाठीत थाप मारायची. शेवंतीबाई हसली नाही.

"सगला?"

"हो, सगळं."

ती महिपतकडे बघत राहिली. महिपतने नियम पाळला. खाली बघितलं.

"मेलेल्या बायकोचं नाटक करू नये दादा," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

"मेलेली कोण?" संचिता विचारायला लागली. "काका? काय बोललात तुम्ही?"

"ऐका तुम्हीच," महिपत म्हणाला आणि टेबलाखालचा रेकॉर्डर काढून तिच्या हातात दिला.

संचिता इअरफोन लावून तिथेच उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने इअरफोन काढले.

"काकी नाहीत, हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वाक्य दिलंत, मी बोललो."

"हे सॅम्पल आता धरता येणार नाही, काका." मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं. "सॉरी."

"नका धरू. मला त्या बाईंचा नंबर द्या."

"नंबर नाही देता येत. नियम आहे."

"बरं, मग माझं वाक्य तरी बदला."

"तेही नाही. कमिटीने पास केलंय, आता शब्द हलवता येत नाही."

महिपतने टोपी उचलली. "मग दुसरा माणूस बघा, मॅडम. मला आता ती रविवारी येईल म्हणता येणार नाही."

तो घरी आला. कुलूप उघडलं. रंगू आता गावालाही नव्हती. रात्रभर एकच डोक्यात, की एका बाईने नवऱ्याचं मरण आपल्यापुढे ठेवलं, आणि तिला वाटतंय आपण त्यावर नाटक केलं.

दुसऱ्या दिवशी तो नौपाड्याच्या बाजारात गेला. शेवंतीबाई बोंबलाच्या जुड्या लावत होती. तिने वर बघितलं नाही.

"काय पायजे?"

"बाई, काल ते..." महिपत शिकवलेल्या हळू आवाजात सुरू झाला.

"आज पन पाठ करून आलास?"

"रंगू खरंच गेली हो!" महिपत ओरडला. शेजारचा लिंबूवाला दचकला, दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"वरडू नको. ठावं हाय मना."

महिपत बघतच राहिला. "कसं?"

"आधी बोललास ते हलू, गुळगुळीत. मंग वरडलास. घरी गेल्यावर डोक्यात आलं, खोटा बोलायला कोन वरडतंय?"

"मग माझ्यावर राग का?"

"ती पोरगी माझ्या तोंडावर सांगते, सगला खोटा. आन तू उभा राहिलास गप." तिने जुडी आपटून ठेवली. "गप का राहिलास?"

महिपतने टोपी काढून हातात घेतली. पुन्हा दाराबाहेर उभं केल्यासारखा तो उभा.

शेवंतीबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. जरा नरमली. "येत जा इकडं. पन माझ्याशी हलू बोलू नको. मना खोटा वाटंल."

तेवढ्यात एक बाई येऊन सुकटीचा भाव विचारायला लागली. शेवंती तिकडे वळली. महिपत बाजूला सरकला आणि टोपी हातात धरून उभा राहिला, गिऱ्हाईक जायची वाट बघत.