दहावा उल्लेख

"खजुराच्या अभ्यासात दोनच काळ आहेत," डॉ. लुत्फी म्हणाले, "माझ्या आधीचा आणि माझ्यानंतरचा."

"दोन्ही काळ न्हाणीघराबाहेर येऊन सांगा," दाराशी उभी असलेली त्यांची बायको, दलीला, म्हणाली. "माझी शाळा भरते आठला."

लुत्फी बाहेर पडले ते थेट संगणकापाशी. वाळवंटातल्या तोझर गावच्या खजूर संशोधन केंद्रात प्राध्यापक व्हायचं तर दहा निबंध हवेत आणि इतर संशोधकांनी प्रत्येकाचा किमान दहा वेळा उल्लेख केलेला हवा. नऊ निबंध पार झाले होते. परागणावरचा दहावा मात्र दोन वर्षं नवावर फतकल मारून बसला होता. समिती गुरुवारी बसणार. पुढच्या वर्षी वय आडवं येणार.

आज आकडा दहा झाला होता!

लुत्फींनी नामिबियातला तो नवा लेख उघडला. 'डॉ. लुत्फी यांच्या पद्धतीने दोनशे झाडांवर नरफुलं बांधली. एकाही झाडाला फळ धरलं नाही.'

उल्लेख मोजणाऱ्या यंत्राला वाचता येत नाही, ही देवाची कृपा. तरी मन खात होतं म्हणून ते केंद्राच्या बागेत गेले. तिथले जुने माळी शाजलीकाका खजुराच्या मादी झाडावर, माडाएवढ्या उंचीवर, नरफुलांचे तुरे बांधत होते. लुत्फींनी खालूनच सगळं सांगितलं.

"तुरे एक दिवस सावलीत सुकवले होते का त्यांनी?" काकांनी वरून विचारलं.

"ते मी लिहिलंच नव्हतं."

"का रे बाबा? तीनदा सांगितलं होतं तुला."

"काका, 'सावलीत ठेवा' याला काही शास्त्र म्हणत नाहीत. अडाण्यांची सवय वाटते ती."

"मग बरोबर. तिकडे सगळे शिकलेले असतील." काकांनी गाठ आवळली. "आता तरी कळव त्यांना."

"गुरुवारनंतर. आत्ता कळवलं तर लेख मागे घेतील, मी परत नवावर!"

"आणि त्यांची झाडं?"

"झाडांना कुठं बढती हवीय, काका?"

गुरुवारी अध्यक्षांनी हात दाबून धरला. "तुमचं काम वाळवंट ओलांडून गेलं, प्राध्यापक!" खजूर भरलेले मकरूदचे गोड तुकडे वाटले गेले. लुत्फींनी तीन खाल्ले.

मग मोठ्या मनाने त्यांनी नामिबियाला तीन पानी पत्र धाडलं: अलीकडच्या संशोधनातून असं दिसतं, की तुरे एक दिवस सावलीत सुकवावेत.

तासाभरात उत्तर आलं.

'आदरणीय प्राध्यापक, शतशः आभार. एक छोटी विनंती. निबंधाच्या शेवटी, झाडावर चढून दिल्याबद्दल तुम्ही ज्या शाजली यांचे आभार मानलेत, त्यांचा फोन नंबर मिळेल का?'