सिमेंटवरची बाग

मार्गशीर्षाची सकाळ. कृष्णेच्या पात्रावरून धुक्याचं धवल वस्त्र अलगद निघत होतं, वाईच्या कौलांवरून केशरकोवळं ऊन ओघळत होतं. ओघळत ओघळत ते कुमुदच्या अंगणात उतरलं. अंगण करडं होतं. मूक, मृद्गंधहीन, सिमेंटलेपलेलं.

श्रावणात ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होती. तेवढ्यात धाकट्या दिरांनी, जयवंतरावांनी, तिची बाग उपटली आणि गाडी लावायला जागा केली. तुम्हाला आता कुठे वाकवतंय वहिनी, असं वर समजावलंही. कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ठिणगी आली.

वाकवत नव्हतं, पण बसवत होतं. ती शिलाई मशीनपाशी बसली.

चौकोनी कागदांवर तिने आठवून आठवून एकेक फूल आखलं. रक्तवर्णी जास्वंद, शुभ्रगंधी अनंत, ज्वालाशिखा कर्दळ. कागदाखाली चिंधी धरायची, रेघेवरून टीप मारायची, चिंधी उलटून दाबायची, तिच्या कडेला दुसरी जोडायची. शिवणं सारं पाठीकडून. फूल मात्र खाली, अंधारात, न दिसता उमलणारं. लग्नातल्या शालूची पाकळी झाली, विटक्या इरकलीचं पान झालं. टीप चुकली की ती उसवी. उसवी आणि पुन्हा शिवी. मग एका दुपारी तिने पाठीचे कागद फाडायला घेतले. चर्र, चर्र, चर्र. किती महिन्यांनी तिला मोकळा श्वास आला!

आणि आज, सगळे चौकोन जोडून, अस्तर लावून पुरी झालेली ती पुष्पभारनम्र गोधडी तिने करड्या अंगणभर अंथरली. मधोमध खुर्ची टाकून स्वतः बसली.

फाटकाशी गाडी आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. जयवंतराव उतरले.

"वहिनी, गोधडी उचला. गाडी आत घ्यायची आहे."

"गोधडी नाही ही, भाऊजी. बाग आहे," कुमुद शांतपणे म्हणाली. "उपटायची तर या वेळी माझ्यादेखत उपटा."

ते तरातरा काठापर्यंत आले. अनंताच्या पाकळीवर त्यांचा बूट क्षणभर अधांतरी राहिला. मग मागे फिरला.

गाडी रस्त्यावरच राहिली. नदीकडून वारा आला, अस्तराखाली शिरला. जास्वंद हलली, अनंत हलला, कर्दळ हलली. आणि त्या हेलावत्या रंगकल्लोळात कुमुद तेवढी हलली नाही. पाय रोवून, मान ताठ, मूळ धरलेल्या झाडासारखी.